समुद्रकाठचे लोखंड : मसूदीच्या खिळ्यापासून शटरच्या स्प्रिंगपर्यंत

इ. स. ९१६ च्या सुमारास, म्हणजे हिजरी ३०४ साली, बगदादचा एक प्रवासी कोकण किनाऱ्यावर चौलला येऊन गेला. अरब लोक त्या बंदराला सैमूर म्हणत. प्रवाशाचे नाव अबुल हसन अली अल-मसूदी. सैमूरमध्ये वस्ती करून राहिलेल्या मुसलमानांची संख्या त्याने दहा हजारांच्या घरात सांगितली आहे. त्यामुळे कोकणी मुसलमानांच्या इतिहासावर कोणीही लिहायला बसले, की मसूदीचा हवाला येतोच.

त्याच मसूदीने ‘मुरूज अज़-ज़हब’ या आपल्या ग्रंथात आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. भूमध्य समुद्रातली जहाजे लोखंडी खिळ्यांनी जोडलेली असतात, आपल्या बाजूच्या समुद्रातली तशी नसतात. कारण इकडचे पाणी लोखंड खाते, खिळे बारीक होत जातात आणि जहाज कमजोर पडते, असा त्या नोंदीचा आशय आहे. भूमध्य समुद्रही खाराच आहे, म्हणून दोन समुद्रांतल्या जहाजबांधणीचा फरक एवढ्या एका कारणाने सुटत नाही. पण लोखंडाविषयीचे त्याचे निरीक्षण खरे आहे. खारे पाणी, खारी हवा आणि उष्णता एकत्र आली की लोखंड झिजते, आणि झीज डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

अकराशे वर्षांनंतर आपल्या किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत त्या खिळ्याचा एक वारसदार रोज सकाळी काम करतो. तो आहे दुकानाच्या शटरमधली स्प्रिंग. रत्नागिरी, राजापूर, मुरूड, श्रीवर्धन, मालवण, कुठेही जा. सकाळी नऊच्या सुमारास शटर वर जाण्याचा तो खडखडाट ऐकू येतो. त्यामागे कोणती ताकद काम करते आणि तिला काय खाते, याचा विचार आपण करतो तो शटर अडकल्यावर. या लेखात तो विचार इतिहासाच्या अंगाने करायचा आहे.

शिवलेली जहाजे आणि वर्षाची निगा

मसूदीच्या काळी हिंदी महासागरातली बरीचशी जहाजे शिवलेली असत. फळ्यांना भोके पाडायची, नारळाच्या काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवायच्या आणि सांधे बुजवायचे. मसूदीनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, ११८३ मध्ये, अंदलूसचा हाजी इब्न जुबैर तांबड्या समुद्रावरच्या ऐज़ाब बंदरात पोहोचला. त्याने अशी जहाजे बघून त्यांचे बारकाईने वर्णन केले. काथ्या कुटून दोर कसा वळतात, आणि जहाज तयार झाल्यावर त्याला तूप, एरंडेल किंवा शार्क माशाचे तेल कसे चोपडतात, हे त्याने लिहिले आहे. तिन्हींत शार्कचे तेल उत्तम, असेही तो सांगतो. चौदाव्या शतकात इब्न बतूताने हिंदुस्थान आणि येमेनच्या शिवलेल्या जहाजांची आणखी एक खुबी नोंदवली. खिळ्यांचे जहाज खडकावर आपटले की फुटते, शिवलेले जहाज मात्र लवते आणि तग धरते.

कडकपणापेक्षा लवचिकपणा टिकाऊ, हा त्यातला एक धडा. पण मला त्याहून मोठा वाटणारा धडा दुसरा आहे. काथ्याची शिवण कायमची नसते, हे ती घालणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ती उसवायची, बदलायची, पुन्हा तेल चोपडायचे, हे सगळे जहाज बांधण्याच्या कलेतच धरलेले होते. कोकणातल्या होड्यांचे वेळापत्रक आजही तसेच आहे. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढायची, झापांनी किंवा ताडपत्रीने झाकायची, डागडुजी करायची, तेल किंवा रंग द्यायचा आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटायची. खारवी असो, कोळी असो की दालदी मुसलमान, निगा राखण्याचा हा ऋतू सगळ्यांचा एकच.

पुढे खिळे आणि बोल्ट आपल्याकडेही रुळले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानाची मोठमोठी जहाजे बांधली. त्यांतले १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिथेही लाकडाची निवड महत्त्वाची होती. ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडाला खाते, सागवानातले तेल लोखंडी बोल्टांना सांभाळते. म्हणजे लोखंड आले तेव्हाही त्याच्या सोबतीला कोण बसवायचे, हे कारागिराला माहीत होते.

फळ्यांचे दुकान

आता समुद्रावरून बाजारात येऊ. कोकणातल्या जुन्या पेठांत अजून एखादे फळ्यांचे दुकान दिसते. उंबऱ्यात आणि वरच्या चौकटीत खाच, त्या खाचेत एकामागून एक सरकवलेल्या उभ्या फळ्या, प्रत्येकीवर कोरलेला किंवा रंगवलेला आकडा, आणि सगळ्या बसल्या की आडवी लोखंडी पट्टी घालून कुलूप. सकाळी फळ्या काढायच्या, आकड्यांच्या क्रमाने भिंतीला लावून ठेवायच्या, रात्री पुन्हा बसवायच्या. काम वेळखाऊ होते. दहा-बारा फळ्या उचलणे म्हाताऱ्या दुकानदाराला जमत नसे, मग घरातले पोर हाताशी लागे.

फळीत एक गुण होता. ती रोज हातात यायची. कुजायला लागली की खालचे टोक मऊ लागायचे, फुगली की खाचेत अडायची, वाळवी लागली की हाताला भुसा लागायचा. सुताराला बोलवायचे, ती एक फळी बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. बिघाड दिसायचा, त्याची जागा कळायची, आणि तो फळीपुरताच राहायचा.

शटरने हे सगळे बदलले. गुंडाळल्या जाणाऱ्या लोखंडी झडपा लंडनच्या दुकानांना १८३० च्या दशकापासून बसू लागल्या. सुरुवातीच्या झडपा हँडल फिरवून वर घ्याव्या लागत. पुढे गुंडाळीच्या आतच स्प्रिंग बसवण्याची युक्ती निघाली आणि एक माणूस एका हाताने मोठे दार उघडू लागला. अमेरिकेत मोटारी वाढल्यावर तीच गरज घरांना भासली. १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन यांनी वर सरकणारे गॅरेजचे दार आणले, १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. परदेशी राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या घरी गॅरेजच्या दारावर जी जाड स्प्रिंग दिसते, ती आणि आपल्या बाजारातल्या शटरची स्प्रिंग या चुलत बहिणी आहेत. काम दोघींचे एकच : दाराचे वजन आपल्या अंगावर घेणे.

आपल्याकडे शटरचा प्रसार मुख्यतः स्वातंत्र्यानंतर, सिमेंटच्या इमारतींबरोबर झाला. भारतीय मानक संस्थेने धातूच्या रोलिंग शटरसाठी वेगळे मानक काढले, त्याचा क्रमांक आय. एस. ६२४८, साल १९७९. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत शटरचे जे वर्णन असते त्यात ८० मिलिमीटर रुंद, १.२५ मिलिमीटर जाड पोलादी पट्ट्या आणि २७.५ सेंटिमीटर लांबीच्या तारेच्या स्प्रिंगा येतात. साधारण वीतभराहून थोडी लांब अशी ती वस्तू. तिच्यावर केवढा भार असतो, हे पुढे पाहू.

कमान

स्प्रिंगला मराठीत जुना शब्द आहे, कमान. ‘घड्याळाची कमान तुटली’ असे आपले आजोबा म्हणत. उर्दूत ती कमानी. मूळ फ़ारसी ‘कमान’ म्हणजे धनुष्य. हा शब्द फार समजून वापरलेला आहे, कारण धनुष्य ही माणसाने बनवलेली पहिली स्प्रिंगच. ताकद आधी भरून ठेवायची आणि हवी तेव्हा सोडायची.

धातूच्या कमानीचा मोठा उपयोग घड्याळाने केला. त्या विद्येत आपल्या ओळखीचे एक नाव आहे तक़ीउद्दीन. उस्मानी सल्तनतीच्या या खगोलशास्त्रज्ञाने १५५९ च्या सुमारास यांत्रिक घड्याळांवर अरबीत ग्रंथ लिहिला, आणि त्यात वजनावर चालणाऱ्या व कमानीवर चालणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या घड्याळांचा विचार केला. इस्तंबूलमधली त्याची वेधशाळा १५८० मध्ये पाडली गेली, ग्रंथ मात्र उरला. शंभरेक वर्षांनी इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम मांडला. १६७६ मध्ये त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला, आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. सोप्या भाषेत नियम असा : जितके ताणाल तितक्याच प्रमाणात स्प्रिंग उलट ओढेल. शटरच्या स्प्रिंगबाबत ‘ताणाल’ ऐवजी ‘पिळाल’ म्हणा.

शटरच्या वर जो गोल पत्र्याचा डबा दिसतो त्यात एक पाईप आडवा बसवलेला असतो. तो दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटमध्ये घट्ट असतो, फिरत नाही. त्याच्यावर स्प्रिंगा आणि चाके असतात. स्प्रिंगेचे एक टोक पाईपाला, दुसरे चाकाला. शटर चाकांना लटकलेले. आपण शटर खाली ओढतो तेव्हा चाके फिरतात आणि स्प्रिंगा पिळल्या जातात. वर ढकलतो तेव्हा तो पीळ सुटतो आणि आपल्या हाताला मदत करतो. शटर जितके खाली, तितके त्याचे लटकते वजन जास्त आणि तितकाच स्प्रिंगेचा पीळही जास्त. हूकचा नियम इथे दुकानदाराच्या बाजूने उभा राहतो.

वजनाचा हिशोब करून पाहा. दहा फूट रुंद, आठ फूट उंच शटर म्हणजे सुमारे ७.४ चौरस मीटर. सव्वा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला ९.८ किलो भरतो. नुसता सपाट पत्रा धरला तरी ७३ किलो झाले. पट्ट्या एकमेकींत अडकवण्यासाठी वळवलेल्या कडा, खालची जाड पट्टी, लॉक हे सगळे मिळवले की आकडा शंभर किलोच्या आसपास जातो. सिमेंटच्या दोन पोत्यांचे वजन आपण सकाळी एका हाताने डोक्यावर नेतो, तेही हातात किराणा मालाची पिशवी असताना. हे त्या तीन-चार स्प्रिंगांचे देणे आहे.

झीज कशी होते

स्प्रिंग एके दिवशी ‘अचानक’ तुटते असे आपण म्हणतो. धातूच्या दुनियेत अचानक असे फार थोडे असते. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वेचा आस तुटून भीषण अपघात झाला, तेव्हापासून अभियंत्यांना हा प्रश्न सतावू लागला की भार पेलू शकणारे पोलाद काही वर्षांनी त्याच भाराखाली का तुटते. उत्तर शोधण्याचे मोठे काम जर्मनीत ऑगस्ट वोलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केले. एकदाच मोठा भार आला म्हणून नव्हे, लहान भार हजारो वेळा येऊन गेला म्हणून धातू थकतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. ताण थोडा वाढवला तरी आयुष्य कितीतरी पटींनी घटते, हेही.

म्हणून गॅरेजच्या दाराच्या स्प्रिंगचे आयुष्य अमेरिकेत वर्षांत सांगत नाहीत, फेऱ्यांत सांगतात. साध्या स्प्रिंगला सहसा दहा हजार फेऱ्या धरतात, एकदा उघडून बंद केले की एक फेरी. आपल्या दुकानाला हा मापदंड लावून पाहू. सकाळी उघडले, दुपारी जेवण-वामकुक्षीला बंद, चारला उघडले, रात्री बंद. या दोन फेऱ्या झाल्या. मधे नमाज़ला अर्धे ओढले, माल आला म्हणून पूर्ण वर केले, असे धरून दिवसाला तीन. दहा हजाराला तीनने भागले तर सुमारे नऊ वर्षे येतात.

पण हा हिशोब कोरड्या हवेचा आहे. किनाऱ्यावर त्यात मसूदीचा खिळा येऊन मिसळतो. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि लोखंडावर बसतात. साधे मीठ हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की ओले होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतसुद्धा पाणी धरून ठेवतात. ज्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे पावसाळ्यातच नव्हे, मार्च-एप्रिलच्या पहाटेही लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असू शकतो. त्या थरातच गंज सुरू होतो.

यात आणखी एक मेख आहे. उघड्यावरच्या लोखंडाला निदान पाऊस धुऊन काढतो, मीठ वाहून जाते. आडोशाला असलेल्या लोखंडावर वारा मीठ आणतो, पाऊस मात्र पोहोचत नाही. ते मीठ वर्षानुवर्षे साठत राहते. शटरची स्प्रिंग नेमकी अशी डब्यात असते. बाहेरच्या पट्ट्यांना आपण दर दोन-तीन वर्षांनी रंग देतो, दुकान चकाचक दिसते, आणि वर अंधारात स्प्रिंग खाल्ली जात असते.

गंज नुसता पृष्ठभागावर लाल पावडर पसरवून थांबत नाही. तो पोलादात बारीक खड्डे पाडतो. पिळलेल्या तारेवर असा खड्डा म्हणजे चिरेला दिलेले आमंत्रण. प्रत्येक फेरीला चीर किंचित उघडते, आत ओलावा शिरतो, गंज पुढे सरकतो. थकवा आणि गंज वेगवेगळे आले तर जेवढे नुकसान करतील, त्याहून कितीतरी जास्त एकत्र येऊन करतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये हेग यांनी समुद्रात वापरायच्या धातूंच्या अशा अकाली तुटण्याचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. कोरड्या हवेत पोलादाला एक मर्यादा असते, तिच्याखालचा ताण ते जवळजवळ कितीही वेळा सोसते. खाऱ्या ओलाव्यात ती मर्यादाच उरत नाही.

इथे दोन भाषांतली एक गंमत सांगतो. मराठीत ‘गंज’ म्हणजे लोखंडाची झीज. उर्दूत ‘गंज’ म्हणजे खजिना, आणि मराठीच्या गंजाला तिथे ‘ज़ंग’ म्हणतात. शटरच्या डब्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. खाली दुकानदाराचा गंज, वर लोखंडाचा.

जड झालेले शटर

शटरमध्ये सहसा एकाहून अधिक स्प्रिंगा असतात. त्यातली एक तुटली तर शटर लगेच कोसळत नाही, फक्त जड होते. ‘हल्ली शटर जरा जड झालंय’ हे वाक्य आपल्या बाजारात रोज ऐकू येते, आणि त्यावरचा उपायही ठरलेला आहे : खांदा लावायचा. दोन महिन्यांनी खांदाही पुरत नाही, तेव्हा कारागिराला बोलावतात आणि सांगतात, ‘जरा आवळून दे.’

हे आवळणे नीट समजून घेतले पाहिजे. तुटलेल्या स्प्रिंगमुळे उरलेल्यांचा पीळ आपोआप वाढत नाही, कारण चाके तेवढीच फिरतात. पण कारागीर पाईप फिरवून जादा पीळ भरतो, तेव्हा तुटलेलीचा वाटा उरलेल्यांवर पडतो. शटर हलके होते, दुकानदार खूश होतो, शे-दोनशे रुपयांत काम भागते. वोलर यांनी सांगितलेला नियम मात्र आपले काम सुरू करतो. आधीच गंजलेल्या, आता जादा पिळलेल्या स्प्रिंगांचे उरलेले आयुष्य झपाट्याने घटते. आवळणे ही दुरुस्ती नसून उधारी आहे, आणि तिची वसुली बहुधा शटर खाली ओढताना किंवा बंद असतानाच होते, कारण पीळ सर्वाधिक तेव्हाच असतो.

खबरदारीच्या खुणा साध्या आहेत. शटर अर्ध्यावर आणून, हात न काढता, पकड सैल करून पाहा. ते तिथल्या तिथे राहायला हवे. झरकन खाली येऊ लागले तर स्प्रिंग कमजोर आहे. एका बाजूने तिरके जात असेल, वर जाताना मधेच कट्‌कट् आवाज येत असेल, उघडताना डब्यातून तांबडी पूड गळत असेल, तर वाट बघू नका. पुराचे पाणी चढून गेलेल्या शटरबाबत तर अजिबात नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर दुकानदारांनी शटर धुतले, गाईडमधला गाळ काढला. पण जिथे पाणी माथ्यापर्यंत पोहोचले तिथे स्प्रिंगांच्या वेटोळ्यांतही गाळ बसला, आणि गाळ ओलावा धरून ठेवतो. अशा स्प्रिंगा बदलणे हाच शहाणपणा.

बदलताना दोन-तीन गोष्टींचा आग्रह धरावा. एका वयाच्या स्प्रिंगा एकत्रच बदलाव्यात, कारण एक गेली म्हणजे दुसरीचे दिवसही भरत आले आहेत. नवी स्प्रिंग तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि लांबी जुळवूनच घ्यावी. ‘चालून जाईल’ अशी घेऊ नये. जस्ताचा थर असलेली मिळाली तर किनाऱ्यावर ती बरी. जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी जस्त आणि लोखंड वापरून पाहिले, १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा थर देण्याचे पेटंट घेतले, आणि आपल्या कोकणी घरांवरचे पत्रे त्याच विद्येवर टिकले. जुनी गंजलेली स्प्रिंग ॲसिडने साफ करून पुन्हा बसवण्याचा प्रकार मात्र टाळावा. कडक पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. बाहेरून चकचकीत झालेली स्प्रिंग आतून आधीपेक्षा धोकादायक असू शकते.

धोका कोणाचा

हा सगळा तपशील मी तांत्रिक हौसेपोटी लिहिलेला नाही. मी शिक्षक आहे. शाळेतून बाहेर पडलेली आपल्या मोहल्ल्यांतली अनेक मुले फॅब्रिकेशनच्या आणि शटरच्या कामाला लागतात. वर्गात स्प्रिंगचा नियम त्यांनी परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. दोन वर्षांनी तीच स्प्रिंग त्यांच्या हातात येते, भरलेली, पिळलेली, शिडीवर उभे असताना. नियम आणि वस्तू यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते.

शटर पूर्ण वर असले तरी स्प्रिंगांमध्ये पीळ शिल्लक असतो. तो तसा मुद्दाम भरलेला असतो, नाहीतर शटर वर टिकणार नाही. पाईपाची पकड सैल करताच तो पीळ पान्ह्यातून हाताला येतो. पान्हा निसटला की तो गरकन फिरतो, आणि त्याच्या वाटेत बोटे, मनगट, तोंड जे असेल त्याला लागतो. म्हणून शटर आधी दोराने आणि टेकूने पक्के बांधायचे, शिडीवर एकट्याने चढायचे नाही, पान्ह्याच्या रेषेत तोंड आणायचे नाही, पीळ एका झटक्यात न सोडता थोडा थोडा सोडायचा. दुकानदाराने हे काम स्वतः करू नये, आणि कारागिराला ‘लवकर आटप, गिऱ्हाईक उभे आहे’ म्हणून घाई करू नये. घाईचा फायदा दुकानदाराचा आणि तुटलेले बोट त्या मुलाचे, हा सौदा न्यायाचा नाही.

आपल्या परंपरेत लोखंडाचे काम हलके समजलेले नाही. कुरआनातल्या एका सूरतीचे नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड, आणि लोहार हज़रत दाऊद यांना आपल्या हुन्नराचे पीर मानत आले. त्या हुन्नराचा मान ठेवायचा तर तोंडाने कौतुक पुरेसे नाही. योग्य मजुरी, एक मदतनीस, आणि कामाला लागणारा वेळ, एवढे तरी दिले पाहिजे.

पंचांग नसलेली वस्तू

होडी समुद्रात गेली ती आपले पंचांग घेऊन. कधी ओढायची, कधी तेल द्यायचे, कधी सोडायची, हे गावातल्या पोरालाही ठाऊक. फळी रोज हाताला लागून आपली तब्येत सांगायची. शटर मात्र शहरातून आले तेव्हा त्याच्याबरोबर निगा राखण्याचा ऋतू आला नाही. ते सोयीचे होते, मजबूत दिसत होते, आणि ज्यावर त्याचा सगळा भार होता ती वस्तू डब्यात बंद होती. म्हणून आपण मानून चाललो की लोखंड आहे, त्याला काय होणार. मसूदीला हे उत्तर माहीत होते.

शटरलाही पंचांग देता येईल, आणि ते फार महाग नाही. मृग लागायच्या आधी एकदा डबा उघडायचा, कोरड्या ब्रशने मीठ-धूळ झाडायची, स्प्रिंगांवर आणि चाकांवर तेलाचा पातळ हात फिरवायचा, गाईडमध्ये ग्रीस द्यायचे. पावसाळा सरला की पुन्हा एकदा तेच, आणि त्या वेळी गाईडची तळाची टोके व खालची पट्टी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, कोरडी करून. शटर उघडे आणि पक्के बांधलेले असतानाच, आणि माहितगार माणसाकडूनच. स्प्रिंग बदलली की डब्याच्या आतल्या बाजूला तारीख लिहून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी वयाचा अंदाज लागेल. बाजारातल्या दहा-वीस दुकानांनी मिळून एकाच दिवशी कारागिराला बोलावले तर त्यालाही परवडेल आणि दुकानांनाही.

शिवलेल्या जहाजांच्या लोकांनी समुद्राशी भांडण केले नाही. तो काय खातो हे ओळखून त्यांनी दरवर्षी त्याचा हिस्सा वेळेवर दिला, तेलाच्या आणि काथ्याच्या रूपात. आपल्या शटरचा हिस्सा वर्षाला दोनदा, एका बाटलीभर तेलाचा आणि एका कारागिराच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा आहे. तो दिला नाही तर समुद्र तो स्वतः घेतो, आणि कोणाच्या हातातून घेईल ते त्याला ठाऊक नसते.